उजवी कळी

दिवेलागण झाली की मैत्रेयीताई देवाच्या राईत जायला निघायची. निघायची म्हणजे जागची हलत नसे. मंदार तिच्या उशाशी बसून तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी चढवायचा, कानांत बोंडं बसवायचा आणि विचारायचा, "उचलू पालखी?" ताई भुवया उंचावायची. मग थोड्याच वेळात तिचा चेहरा असा उजळायचा, की नाकाशी लावलेल्या श्वासाच्या नळीकडे बघणाऱ्याचं लक्षही जाऊ नये.

"आले रे," ती म्हणायची. "पायऱ्यांवर शेवाळ धरलंय. राघो गुरवाला सांग, घसरेल कुणीतरी."

त्या पायऱ्या डोंगराच्या खांद्यावर आणि ताई खाली वाडीतल्या खोलीत, गादीवर. पण शेवाळ खरं होतं. नुकतंच मंदारने कॅमेऱ्यात धरून आणलेलं, ताजं.

मैत्रेयी धुरी ही कुडवळे गावची कीर्तनकार. जत्रेच्या संध्याकाळी राईतल्या सुरंगीच्या झाडाखाली ती उभी राहिली, की पूर्वरंगातच माणसं डोळे पुसायला लागायची आणि उत्तररंगात तीच माणसं पोट धरून हसायची. तिचा धाकटा भाऊ मंदार पाठीमागे झांज घेऊन उभा असे. पुढे घाटात गाडी उलटली आणि ताईचं मानेखालचं सगळं अंग निजलं. श्वाससुद्धा भिंतीतल्या यंत्राच्या ताब्यात गेला. ताई म्हणाली, "देवाने तोंड ठेवलंय ना? म्हणजे काम ठेवलंय."

काम होतं, पण उभं राहायची जागा गेली होती. ती मंदारने परत मिळवून दिली.

जुना कॅमेरा बिचारा नुसता बघायचा. समोरून येईल तेवढा उजेड ओंजळीत घ्यायचा आणि त्याचा सपाट फोटो करून द्यायचा. हल्लीचा कॅमेरा बघत नाही, चाचपतो. आंधळा माणूस काठीने वाट चाचपतो, तसा. समोरच्या झाडावर तो गडद तांबड्या उजेडाचे असंख्य ठिपके फेकतो. ते इतके क्षणिक असतात की आपल्या डोळ्याला पत्ता लागत नाही. पानावर आपटून ठिपका माघारी यायला किती वेळ लागला, त्यावरून पान किती लांब ते यंत्राला कळतं. अंधार असला तरी अडत नाही, उजेड त्याच्या पदरचाच असतो. जिथवर ठिपका पोचला नाही, तिथलं तो अंदाजाने भरून काढतो. वारा असा होता, तर फांदी पुढे कशी हलली असती, दिव्याची ज्योत कशी झुकली असती, हे त्याचं तो ठरवतो. म्हणून एकाच चित्रात दहा वेळा गेलात, तरी पानं दर वेळी थोडी निराळी हलतात. अशा चित्रात माणसाला शिरता येतं, फिरता येतं, झाडाला वळसा घालता येतो. लोकांनी त्याला नाव दिलं वावरचित्र.

एक चित्र घेतलं की जन्मभर पुरावं, असं कुणालाही वाटेल. मंदारलाही वाटलं होतं. त्याने एकदा पावसाने कंटाळून आदल्या दिवशीचंच चित्र लावलं. ताई आत गेली आणि लगेच म्हणाली, "हे कालचं."

"तुला कसं कळलं गो?"

"कालचं ते पडलेलं कावळ्याचं पीस तिथेच आहे. मंदार, काल जेवले म्हणून आज उपाशी ठेवशील का मला? दर्शन शिळं झालं की ती नुसती आठवण. आठवणी माझ्याकडे ढीगभर आहेत. मला आजची राई दे."

तेव्हापासून त्याने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. वेळ दिवेलागणीनंतरची, कारण ताईच्या कीर्तनाची वेळ तीच. समई लावलेली, सुरंगीच्या बुंध्यावर तिचा पिवळा उजेड आणि वर सगळा काळोख. त्या काळोखात उभं राहून ताई रोज निरूपण करायची. ऐकायला खोलीत एकटा मंदार, झांज घेऊन.

राईत यंत्र न्यायचं म्हणजे गावाची परवानगी हवी आणि गाव देवाला विचारल्याशिवाय काही करत नाही. कुडवळ्याच्या राईचा नियम कडक. आतलं काही बाहेर न्यायचं नाही. वाळकं पान नाही, फळ नाही. बाहेर पडताना माणसं तळपाय पुसतात, मातीसुद्धा मागे राहावी म्हणून. मंदारने कॅमेरा आणला तेव्हा कौल लावायचं ठरलं. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना पाण्याने सुरंगीच्या कळ्या चिकटवायच्या, त्याही त्याच झाडाच्या. फाल्गुनात फुलते तेव्हा वेचलेल्या कळ्या राईतल्या देवळातच वाळवून ठेवतात, त्या वर्षभर पुरतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. राघो गुरवाने त्या वेळी प्रश्न घातला होता, "बा देवा म्हाराजा, राईतला कायएक न नेणारा ह्या यंत्र आत येवक दी काय?"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

उजवी कळी पडली.

यंत्र काही नेणार नाही, हे अगदी खरं होतं. यंत्र काही ठेवून जाईल, हे मात्र गावात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चोरी होऊ नये म्हणून इतकी वर्षं राखलेली राई. दान होईल, ही भीती कुणी कधी धरलीच नव्हती.

मंदारची चित्रं हळूहळू बाहेर गेली. समईच्या उजेडातली सुरंगी बघून लांबलांबचे लोक यायला लागले. सगळ्यांना तीच वेळ हवी, दिवे लागल्यानंतरची. गावाने त्यांच्यासाठी पायऱ्या बांधल्या, चहाची टपरी घातली. हिवाळ्यात तर रोज संध्याकाळी झाडाभोवती माणसांचं कडं उभं राही. जो तो हात जोडी आणि मग कॅमेरा काढी.

त्यानंतरच्या पहिल्या फाल्गुनात सुरंगी फुलली ती तुरळक. जत्रेच्या कौलापुरत्या कळ्या मिळाल्या. दुसऱ्या फाल्गुनात एकही नाही. तिसऱ्यात नाही.

"आली का रे कळी?" ताई रोज विचारायची. "खोडाच्या उत्तर अंगाला बघ, तिथे आधी धरते."

"येईल गो."

कळी दिसली की ती आधी ताईला दाखवायची, म्हणून मंदार एकदा नव्हे, एका संध्याकाळी दोनदा, तीनदा वर जाऊ लागला. फांदीन् फांदी जवळून टिपू लागला.

झाड बघायला शेवटी बेळगावहून डॉक्टर शलाका हुक्केरी आल्या. झाडांच्या आयुष्यावर संशोधन करणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या, बोलायला फटकळ. त्यांनी पानं न तोडताच तपासली, माती हुंगली आणि मंदारच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत पायरीवर बसल्या.

"झाडाला रात्र मोजता येते, माहीत आहे तुम्हाला?"

"झाडाला?" मंदार हसला. "आमच्या गुरवाला येत नाही. चारला उठून सहा वाजले म्हणून घंटा बडवतो."

"गुरवापेक्षा झाड पक्कं आहे. पानात एक रंगद्रव्य असतं. समजा, तो पहारेकरी. दिवसाचा तांबडा उजेड अंगावर पडला की तो जागा होतो. अंधार झाला की हळूहळू पेंगतो. सकाळपर्यंत तो किती गाढ झोपला, यावरून झाडाला कळतं रात्र केवढी होती. रात्री लांब झाल्या, म्हणजे थंडी आली. थंडी आली, म्हणजे आता कळ्या धरायच्या. असा त्याचा हिशेब."

"बरोबर. मार्गशीर्ष-पौषात धरते ती कळी."

"आता हा पहारेकरी पेंगायला लागला आणि कुणी तोंडावर पाणी मारलं तर?"

मंदार झाडाकडे बघू लागला.

"तो दचकून जागा होणार. त्याला वाटणार, उजाडलं. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मारायला फार पाणी लागत नाही, शिंतोडा पुरतो. तांबड्या उजेडाचा शिंतोडा." त्यांनी कॅमेऱ्यावर बोट टेकवलं. "यातून कुठला उजेड निघतो?"

मंदारने कॅमेरा गळ्यातून काढला. कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

"या झाडाने किती वर्षांत लांब रात्र बघितलेली नाही," बाई म्हणाल्या. "थंडी वाजते आहे, पण त्याच्या हिशेबी उन्हाळा आहे. वेड लागलंय म्हणा ना. दिवसा हवे तेवढे फोटो काढा, काही होत नाही. दिवे लागल्यावर मात्र नको."

"मी आजपासून थांबतो."

"तुम्ही एकटे थांबून काय होणार? ती माणसं बघा." खालून सात-आठ जण हौसेने चढत येत होते. "आणि थांबले तरी फुलेलच, असं नाही. म्हातारं झाड आहे. मधमाश्यांनीही वाट बघून घर बदललंय. तरी थांबवा. दुसरा उपाय मला येत नाही."

मंदार गुरवाकडे गेला. राघोने सगळं ऐकून घेतलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"देवान येवक दिलेला यंत्र मी कसा बंद करू? कौल लावूक होयो."

"मग लाव."

"कसलो? कळी खंय आसा? वाळलेली होती ती संपली."

"शेजारच्या गावात सुरंगी आहे की."

"ती त्यांची. दुसऱ्या राईची कळी म्हणजे दुसऱ्या देवाची जीभ. आमच्या देवाच्या तोंडात घालू?"

झाडाने कळी द्यावी म्हणून यंत्र बंद व्हायला हवं आणि यंत्र बंद करायला कळी हवी. मंदारने दोन रात्री डोकं धरून काढल्या. मग त्याला ते चित्र आठवलं.

शेवटच्या फुललेल्या वर्षीच्या जत्रेचं वावरचित्र होतं त्याच्याकडे. सुरंगी तुरळक पण फुललेली, पाषाणावर कौल लावलेला, आणि कौल पडतानाच नेमकं ते टिपलेलं. मंदार त्या चित्रात पुष्कळदा जाऊन आला होता. पानं दर वेळी निराळी हलायची, ज्योत निराळी झुकायची. पण कळी? कळीचं पडणं कॅमेऱ्याने ठिपक्याठिपक्याने मोजलेलं होतं. तिथे अंदाजाला जागाच नव्हती. कितीही वेळा जा, उजवी कळी पडायची. ताईला हे ठाऊक नव्हतं, कारण मनात प्रश्न नसताना कौलाकडे बघू नये, अशी तिथली रीत. ती त्या चित्रात गेली की पाषाणाकडे पाठ करायची.

मंदारने विचार केला, प्रश्न आपण नीट घालू. दिवे लागल्यावर यंत्र नको ना, देवा? देव होय म्हणेल. झाड वाचेल. यात पाप असलं तर माझ्या एकट्याचं.

"चित्रातलो देव कौल देतलो?" राघो खेकसला. "डोक्या ठिकाणार आसा मां तुझा?"

बाकीची माणसंही कुजबुजली. तेव्हा गादीवरून ताई बोलली. सगळे तिच्याच खोलीत जमले होते, दारात, खिडकीत, पडवीत.

"राघो, या चित्रात पान दर वेळी वेगळं हलतं. कोण हलवतं रे?"

"मशीन."

"मशीन कशाने?"

"अंदाजाने," मंदार पुटपुटला.

"अंदाज!" ताईचा आवाज एकदम कीर्तनातला झाला. "अहो, जिथवर माणसाचं मोजमाप पोचतं तिथवर माणसाचं राज्य. जिथे मोजमाप थकतं, तिथे कुणीतरी आपल्या मर्जीने पान हलवतो. त्याला मशीनवाले अंदाज म्हणतात. मी आयुष्यभर त्याचंच नाव घेत आले. तो डोंगरावरच्या दगडात मावला, तर माझ्या डोळ्यांवरच्या या फडक्यात त्याला अडचण होईल का?"

खोलीत कुणीतरी नाक ओढलं. मंदारला वाटलं, आत्ता सांगावं. ताई, कळीचं पडणं मोजलेलं आहे, तिथे तुझा तो नाही. पण ताईच्या कपाळावरचा बुक्का घामाने ओला झाला होता, आणि इतकी माणसं समोर बसून तिने किती दिवसांनी निरूपण केलं होतं. त्याने घसा खाकरला आणि चित्र भिंतीवर लावलं, सगळ्यांना दिसेल असं.

राघोने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या पायांकडे जमली हत..."

"होय म्हाराजा!"

"तुझी सुरंगी रुसली. तिका सतावणारा ह्या यंत्र आता तुझ्या राईत नको..."

मंदारने राघोची बाही ओढली. "दिवे लागल्यावर, असं म्हण. दिवसा चालतं."

"गप रे. देवाक अर्धो प्रश्न घालतत?" राघोने हात हिसडला. "दिवसा नको, राती नको, कुणाचाच नको. तुका मान्य आसा, तर उजवी दी!"

"होय म्हाराजा!"

पाषाणावर समईचा उजेड हलला. उजवी कळी सुटली आणि पडली.

बायकांनी हात कपाळाला लावले. ताई मोठ्याने रडली. "बोलला रे, बोलला! इतकी वर्षं मुका होता."

दुसऱ्या दिवशी राईच्या तोंडाशी बांबू आडवा आला. आलेले पाहुणे हळहळत परत गेले. टपरी उठली. गावाने मंदारच्या पाठीवर थापा मारल्या. दिवसाउजेडी तरी जाऊ दे, म्हणून त्याने राघोचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. राघो म्हणाला, "कौल बदलूचो तर कौल लावूक होयो. लावतंस तुझ्या चित्रात?" मंदार माघारी वळला. चित्र होयच म्हणालं असतं. कशालाही.

आता ताईला आजची राई नव्हती. तिनेही ती मागितली नाही. "देवाची आज्ञा," एवढंच म्हणाली. दिवेलागणीला ती त्या एका जुन्याच चित्रात जायची. तिथे सुरंगी कायमची फुललेली होती. पहिले काही दिवस तिने निरूपण केलं. मग बोलणं कमी होत गेलं. मंदार झांज मांडीवर घेऊन बसून राही आणि यंत्राची घरघर ऐकत राही.

"रोज तेच फूल," एकदा ती म्हणाली. "सुकत नाही, गळत नाही. अरे, गळणार नसेल तर ते फूल कसलं?"

पौष आला. डॉक्टर हुक्केरी येऊन झाड बघून गेल्या. पायरीवर बसल्या नाहीत. "अजून तरी काही दिसत नाही," म्हणाल्या. "वाट बघा." त्यांच्या सुरात वाट बघण्यासारखं काही नव्हतं. मंदारने हे ताईला सांगितलं नाही, पण तिने त्याच्या पावलांवरूनच ओळखलं असावं.

त्या संध्याकाळी ती चित्रात बराच वेळ होती. पट्टी काढली तेव्हा चेहरा शांत होता. इतका, की मंदारलाही बरं वाटलं. त्याने पेज आणली, फुंकर घातली, चमचा तिच्या ओठांशी नेला. ताईने मान वळवली.

"गरम आहे का?"

"नाही. झालं आता."

"एक घास तरी."

"मंदार, आज मी आत पहिल्यांदा पाषाणाकडे तोंड केलं. विचारायचं होतं ना, म्हणून." ती हसली. "विचारलं, देवा, माझं इथलं कीर्तन संपलं ना? आता आरती करून निघू? उजवी दिलीन रे. लगेच. जसा वाटच बघत होता."

चमच्यातली पेज मंदारच्या गुडघ्यावर सांडली.

"ताई, तो कौल नाही."

"मग काय आहे?"

"चित्र आहे ते. तिथे कायम उजवीच पडते. काहीही विचार, उजवीच पडणार. मला माहीत होतं. गावाला फसवलं मी, तुला फसवलं. झाडासाठी. तुझ्यासाठीच, ताई! तू मघाशी विचारलं असतंस, की मी अजून राहू का, तरीही उजवीच पडली असती!"

श्वासयंत्राने एक श्वास आत ढकलला, एक बाहेर ओढला. ताई त्याच्याकडे बघत होती. कीर्तनात चुकीच्या जागी झांज वाजली की बघायची, तसं. रागावून नव्हे.

"पण मी ते कुठे विचारलं?" ती म्हणाली.

"ताई..."

"तुझं चित्र मेलेलं असेल. पण तो डोंगरावरचा दगड तरी जिवंत होता का रे? कळी पाण्याने चिकटते, वाळली की पडते. हे मला ठाऊक नव्हतं, असं वाटतं तुला? बोलणारा नेहमी विचारणाऱ्याच्याच तोंडून बोलतो. माझ्या तोंडात जो प्रश्न आला, तो त्यानेच घातला." ती थकली होती. "आता भांडू नको. झांज घे. आरती राहिलीय."

मंदारने झांज घेतली नाही. वाटी खाली ठेवली आणि धावत जाऊन भिंतीवर ते चित्र लावलं. पाषाणासमोर उभा राहून, हात न जोडताच तो ओरडला, "देवा, ताईने जेवावं ना? सांग तिला! तिने जगावं ना?"

ज्योत निराळी झुकली. पानं निराळी हलली. आणि उजवी कळी पडली.

"बघ! बघितलंस?" तो वळला.

ताईने डोळे मिटून घेतले होते. मनात प्रश्न नसताना कौलाकडे बघू नये, म्हणून.